इलेक्ट्रिक पिकअपच्या ब्रेकची एअर काढताना

इलेक्ट्रिक पिकअप घेतली तेव्हा ओळखीतला प्रत्येक जण एकच पाढा म्हणत होता. इंजिन ऑइल नाही, डिझेल फिल्टर नाही, क्लचप्लेट नाही, आणि ब्रेक तर झिजतच नाहीत. पहिल्या तीन गोष्टी खऱ्या. चौथी अर्धीच खरी. झिजत नाहीत ते घासणारे भाग, पुढचे पॅड आणि मागचे लायनर. नळ्यांमधलं ब्रेक ऑइल मात्र गाडी कशावर चालते याची चौकशी करत नाही. गाडी पळो न पळो, ते आपलं महिन्यागणिक खराब होतच राहतं.

माझी गाडी सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांतून टॉवेल-चादरींच्या गाठी उचलते आणि गावातल्या ट्रान्सपोर्टवर टाकते. सणासुदीला तुळजापूरच्या दुकानांनाही माल पोचवते. शहरात चालवताना ब्रेकवर पाय फारसा जातच नाही. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच उलटी कामाला लागते, चाकांचा वेग खाऊन वीज बनवते आणि ती बॅटरीत परत घालते. आम्ही सगळे याला नुसतं 'रीजन' म्हणतो. सिग्नल दिसला की पाय उचलायचा, गाडी आपोआप मंदावते, शेवटच्या दोन-चार हातांपुरता ब्रेक. अशा चालवण्यात पॅडल किती खोल जातंय हे कळायला मार्गच नसतो, कारण ते जोरात दाबायची पाळीच येत नाही.

कळतं ते सकाळी. रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी शंभर टक्के भरलेली असते आणि भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागा नसते. म्हणून पहिले काही किलोमीटर रीजन जवळजवळ नसतंच. सगळा भार खऱ्या ब्रेकवर पडतो. अशाच एका सकाळी गाठी भरून निघालो होतो. अशोक चौकाच्या अलीकडे पॅडल नेहमीपेक्षा खोल गेलं. गाडी थांबली, जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. पण पायाखाली पॅडल मऊ लागलं आणि लगेच दुसऱ्यांदा मारल्यावर वर आलं. दुपारी बॅटरी उतरल्यावर तीच गाडी, तेवढाच माल, आणि काहीच जाणवेना. मला वाटतं बरेच ड्रायव्हर इथेच गाफील राहतात. दुपारी सगळं ठीक वाटतं म्हणून सकाळचं विसरतात.

पूर्व भागात आमच्या अण्णांचं गॅरेज आहे. घरात तेलुगू, गॅरेजमध्ये अस्सल सोलापुरी. गाडी दारात लावली तसे ते हसले. "काय बे, इलेक्ट्रिकवाल्याला माझ्याकडं काय काम निघालं?"

"अण्णा, पॅडल मऊ लागायलंय."

"मग ते काय बॅटरीनं चालतंय का? बस आत, दाब बघू."

त्यांनी तपासायची रीत अशी. गाडी बंद ठेवून पॅडल भराभर मारायचं. मारत गेल्यावर वर येत असेल तर आत एअर आहे, किंवा लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. मग पॅडल एकसारखं दाबून धरायचं. ते हळूहळू खाली सरकत असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर जातंय, किंवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा सिलिंडर, आतल्या आत गळतोय. आमच्या गाडीत दोन्ही दिसलं, वर आलंही आणि सरकलंही. अण्णांनी ऑइलच्या बाटलीची पातळी पाहिली, 'मिनिमम'च्या रेघेखाली. मग टॉर्च घेऊन चारही चाकांच्या आतल्या बाजूला उजेड टाकत फिरले. उजव्या मागच्या टायरच्या आतल्या भिंतीवर ओल होती आणि तिच्यावर धूळ बसून चिखल झाला होता.

चाक काढायच्या आधी त्यांनी मला एकच विचारलं, "शॉक-बिक बसणार नाही ना?" प्रश्न रास्त होता. जाड नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, तिला हात लावायचा नाही, आणि ब्रेकच्या कामात तिच्याशी संबंध येतच नाही. पण दोन गोष्टी डिझेलच्या गाडीपेक्षा वेगळ्या आहेत. एक म्हणजे जॅक. बॅटरीचा डबा चॅसिसला खाली लागलेला असतो, तिथे जॅक लावला तर पत्रा दबून आतल्या सेलना धोका. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक आणि त्याच्याजवळच स्टँड. दुसरी गोष्ट चावी. ही गाडी चालू असली तरी आवाज करत नाही. डॅशबोर्डवर हिरवा 'रेडी' दिवा लागलेला आहे आणि कुणाचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला, तर ती सरळ पुढे निघते. म्हणून चावी काढून माझ्या खिशात. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडाची उटी.

ड्रम सहज निघाला नाही. कडेला गंजाची कड धरली होती. ब्रेक कमी वापरला जातो म्हणजे ड्रमची घासणारी बाजूही साफ होत नाही. आतले लायनर पाहून अण्णा थक्क झाले, जवळजवळ नव्याइतके जाड. पण वरच्या, लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट बोटाने मागे सारलं तसं ऑइल ओघळलं आणि त्या जाड लायनरवर पसरलेलं दिसलं. "गेले," अण्णा म्हणाले. ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर पॉलिश पेपर मारून चालत नाही. तो कधी घसरतो, कधी एकदम पकडतो. आणि एका चाकाला नवा, दुसऱ्याला जुना, असंही करता येत नाही, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. म्हणजे न झिजलेल्या लायनरची अख्खी जोडी भंगारात.

सिलिंडर खोलल्यावर कारण सापडलं. आतली गुळगुळीत असायला हवी ती भिंत गंजून बारीक खड्डे पडले होते. त्या खड्ड्यांवरून मागे-पुढे होऊन रबरी कपची कड फाटली होती. गंज यायला पाणी लागतं. बंद नळीत पाणी आलं कुठून? तर ऑइलनेच ओढून आणलं. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ ही सगळी ब्रेक ऑइलं ग्लायकॉलच्या जातीची. ती हवेतला दमटपणा शोषतात, रबरी होजमधून आणि बाटलीच्या झाकणावाटे. सोलापुरात पाऊस तो केवढा, असं कुणी म्हणेल. पण पावसाळ्याचे चार महिने पुरतात, आणि या गाडीतलं ऑइल घेतल्यापासून कुणी बदललंच नव्हतं. लायनर शिल्लक आहेत ना, मग ब्रेकला हात कशाला लावायचा, हा सगळ्यांचा हिशेब. डिझेलच्या गाडीत लायनर संपतात म्हणून ब्रेक उघडले जातात, आणि उघडलेच आहेत तर ऑइलही बदललं जातं. इथे ते निमित्तच उरत नाही.

पाण्याचा दुसरा त्रास घाटात. ताजं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की मानकाप्रमाणे ती हद्द १५५ पर्यंत घसरलेली चालते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. भरलेली गाडी तुळजापूरचा घाट उतरताना पुढच्या चाकांवर पॅड दाबणारे कॅलिपर चांगलेच तापतात. आत ऑइल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पॅडल सरळ जमिनीला टेकतं. रीजन असल्यामुळे ही वेळ सहसा येत नाही हे खरं. सोलापुरातून वर चढताना बॅटरी उतरलेली असते, परतीच्या उतारावर तिला वीज घ्यायला भरपूर जागा असते आणि मोटरच गाडी धरून ठेवते. पण कुणी तुळजापुरात जेवायला थांबला आणि तेवढ्यात गाडी शंभर टक्के चार्ज करून निघाला, तर घाट सुरू होतो तिथेच त्याच्याकडे रीजन नसतं. मी वर चार्ज करायची वेळ आलीच तर ऐंशीच्या आसपास काढतो.

नवे सिलिंडर, नवे लायनर बसवले, दोन्ही मागच्या चाकांना. हे काम कुठल्याही गाडीसारखंच, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नळ्या उघडल्यामुळे आत एअर गेली होती. आता ती काढायची, आणि त्याच निमित्ताने सगळं जुनं ऑइल बाहेर. ऑइल कुठलं घालायचं हे बाटलीच्या झाकणावरच छापलेलं असतं. अण्णांनी दुकानातून सीलबंद छोटे डबे आणायला लावले. फोडून ठेवलेला मोठा डबा स्वस्त पडतो, पण तो तिथेच उभा राहून दमट हवा पीत असतो. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं ऑइल असतं, आकडा ५.१ च्या जवळचा असला तरी ते यात चालत नाही. आणि इंजिन ऑइलचा एक थेंबही नाही, सगळी रबरं फुगतात.

इथवर चाकं वर होती. मी म्हटलं, आता अशीच वर असताना एअर काढून घेऊ. अण्णांनी मान हलवली. "खाली घे. आणि माल भर."

कारण मागच्या ॲक्सलजवळचा लोड व्हॉल्व्ह. पिकअपचं मागचं अंग रिकामं असताना इतकं हलकं असतं की मागच्या चाकांना पूर्ण दाब दिला तर ती जाम होऊन घसरतील. म्हणून चॅसिसवर एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी स्प्रिंगने ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चॅसिस खाली बसते, दांडी वर ढकलली जाते, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. रिकामी गाडी असेल तर कमी. आता चॅसिस जॅकवर उचलून चाकं लोंबती ठेवली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच काय, हवेतच आहे. तो मागची वाट आवळतो. अशा वेळी मागून ऑइल धड वाहत नाही आणि व्हॉल्व्हच्या आत अडकलेला बुडबुडा तिथेच राहतो. ड्रायव्हरला पॅडल मऊ लागतं, मिस्त्री पुन्हा पुन्हा एअर काढतो, आणि शेवटी चांगल्या मास्टर सिलिंडरवर खापर फुटतं. काही जण ती दांडी तारेने वर बांधून काम भागवतात. अण्णांना ते आवडत नाही, तार सोडायची राहिली तर काय, म्हणतात. गाडीत टॉवेलच्या गाठी होत्याच, त्या परत भरल्या. मागचं अंग बसलं. गोणपाट अंथरून ते खाली सरकले.

माझा पुतण्या पॅडलवर. तो बसायच्या आधी अण्णांनी पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला. रोजच्या चालवण्यात मास्टर सिलिंडरमधले रबर ठरावीक अंतरातच फिरतात. त्यापुढच्या भागात गंज किंवा गाळ साचलेला असतो. पॅडल तळापर्यंत मारलं की नाजूक रबर त्या खरबरीत भागावरून घासून फाटतात. एअर काढायला आलेली गाडी मास्टर सिलिंडर घेऊन परत जाते ती यामुळे. हा ठोकळा मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये पाहिलेला नाही.

चावी बंदच. पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोलच्या गाडीत तो इंजिनकडून मिळतो, डिझेलच्या गाडीत इंजिनवर फिरणाऱ्या पंपातून. इथे इंजिन नाही, म्हणून त्यासाठी विजेवरचा छोटा पंप असतो. चावी फिरवली की बॉनेटखालून घर्रर्र आवाज येतो तो त्याचाच. तो चालू राहिला तर पॅडल हलकं होतं आणि किती जोर लागतोय याचा अंदाज राहत नाही. पुतण्याने आधी पॅडल मारून मारून साठलेला व्हॅक्यूम संपवला. पॅडल जड झाल्यावर सुरुवात.

क्रम लांबून जवळ. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही उजवीकडे, म्हणजे सगळ्यात लांब डावं मागचं चाक. मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. हा क्रम सगळ्या गाड्यांना लागू नाही. काहींच्या नळ्या कोपऱ्या-कोपऱ्याने जोडलेल्या असतात, तिथे पुस्तक सांगेल तसं. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तिच्या युनिटमध्ये एअर शिरली तर नुसतं पॅडल मारून ती निघेलच असं नाही, कॉम्प्युटर लावून आतला पंप फिरवावा लागतो. या गाडीला एबीएस नाही, तेवढं सोपं गेलं. रिव्हियनची आर१टी किंवा फोर्डची एफ-१५० लायटनिंग अशा अमेरिकी इलेक्ट्रिक पिकअपमध्ये तर बूस्टरही इलेक्ट्रॉनिक असतो. तिथे पाना हातात घ्यायच्या आधी कंपनीची रीत वाचणं भाग आहे.

चाकाजवळच्या निपलवर, म्हणजे एअर काढायच्या पोकळ स्क्रूवर, पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीच्या तळाला बुडण्याइतकं ताजं ऑइल. मग खालून आवाज, "मार… मार… मार… धर!" पुतण्या दाबून धरतो. पाव आटा निपल सैल, नळीतून ऑइल सुटतं, पॅडल ठोकळ्यापर्यंत खाली जातं. निपल बंद. मग "सोड!" यातला क्रम महत्त्वाचा. निपल बंद व्हायच्या आधी पाय उचलला, तर आट्यांवाटे हवा आत खेचली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. पुतण्याला एका हातात मोबाईल धरून हे करायचं होतं. अण्णांनी खालूनच ओळखलं, "मोबाईल ठेव बे, नाहीतर तू खाली ये, मी वर बसतो."

पहिल्यांदा निघालं ते काळ्या चहासारखं. मधूनमधून बुडबुडे, मग गाळाचे कण, मग पुन्हा बुडबुडे. माझं काम बाटलीवर लक्ष ठेवायचं. मास्टर सिलिंडरच्या बाटलीतली पातळी तळाला गेली तर वरूनच हवा शिरते. दर काही दाबांनंतर ताजं ऑइल ओतत होतो. एक धार बॉनेटच्या कडेवर सांडली, लगेच पाणी ओतून धुतली. ब्रेक ऑइल रंग खातं, आणि ते नुसतं फडक्याने पुसून भागत नाही. मागची दोन्ही चाकं फिकट पिवळं ऑइल येईपर्यंत केली.

पुढच्या डाव्या कॅलिपरचा निपल गंजून बसला होता. रबरी टोपी कधीच पडून गेलेली, तोंडात माती. अशा ठिकाणी ताकद लावली की निपल मोडतो आणि मोडलेल्या निपलसाठी अख्खा कॅलिपर बदलावा लागू शकतो. अण्णांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला, भोवती हातोडीने हलके ठोके दिले, परत स्प्रे, आणि म्हणाले, "गाडी ठेवून जा." सकाळी निपलच्या सहाही बाजू धरणारा रिंग पाना लावला. आधी सैल नाही, किंचित घट्ट केला, मग सैल. बारीक 'टिक' आवाज झाला आणि निपल फिरला. पुढे काही अडलं नाही. कॅलिपरला लाकडी मूठ आपटत राहिले, कोपऱ्यात चिकटलेला बुडबुडा वर सरकावा म्हणून. निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला असतो तो याचसाठी. कुणी डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवले तर निपल खाली जातो आणि हवा वर अडकून बसते. असं एकदा त्यांच्याकडे आलं होतं म्हणे, दोन गॅरेज फिरून.

चारही झाल्यावर पॅडल वर आणि कडक. मग बूस्टरची परीक्षा. पॅडल दाबून धरलं आणि चावी फिरवली. पंप घर्रर्र वाजला आणि पॅडल पायाखाली किंचित खाली गेलं. पुतण्या ओरडला, "काका, परत खाली चाललंय!" ते तसंच जायला हवं, व्हॅक्यूमने मदत सुरू केल्याची ती खूण. थोडं खाली जाऊन ते थांबलं आणि तिथेच राहिलं. सरकतच राहिलं असतं तर काम अजून बाकी होतं.

पैसे देताना अण्णांनी बाटलीतलं जुनं ऑइल वेगळ्या कॅनमध्ये ओतलं. जुन्या इंजिन ऑइलच्या पिंपात हे मिसळलं तर भंगारवाला पिंपच नाकारतो, आणि गटारात ओतलं तर कुठे जायचं ते जातं. अर्धा उरलेला डबा मी मागितला तर दिला नाही. "पुढच्या वेळी नवा आण. हा मी पाने धुवायला वापरतो."

त्या रात्री गाडी मुद्दाम शंभर टक्के चार्ज केली. दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरून एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना, रीजनची मदत नाही अशा वेळी ब्रेक जोरात मारून पाहिले. गाडी सरळ थांबली. तुळजापूरच्या पहिल्या खेपेनंतर घाटाच्या पायथ्याशी उतरून मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरला, धग दोन्हीकडे सारखी होती. एका बाजूला जास्त असती तर लायनर ओढतोय असं समजून परत ॲडजस्ट करावा लागला असता. टायरच्या आतली बाजूही कोरडी.

अण्णांनी बाटलीच्या झाकणाशेजारी पांढऱ्या मार्करने महिना आणि साल लिहून दिलंय. पुस्तकात काही वेगळं नसेल तर दोन वर्षांनी परत, लायनर कितीही जाड दिसोत. मोबाईलमध्ये विमा आणि फिटनेसच्या तारखा आधीच होत्या. या गाडीला पीयूसी लागत नाही, तर त्या ओळीत आता ब्रेक ऑइलची तारीख टाकली आहे.